आर्गिरोच्या रक्ताची द्राक्षं

हे द्राक्ष दाताने फोडून पाहा. काळ्या द्राक्षाचा गर सहसा पांढरट निघतो, याचा आतूनही लाल आहे. अख्ख्या ग्रीसमध्ये हा वेल आमच्या मावरोपेत्राच्या उतारावरच धरतो. याची वाइन पाहुण्यांना फार आवडते. पण याची गोष्ट मी गोड करून सांगत नाही.

वर ती पडकी गढी आहे ना, तिथे म्हणे गेराकारिस नावाचा जमीनदार राहायचा. गावचा एकुलता एक झरा त्याने भिंत घालून अडवला आणि आपल्या बागेकडे वळवला. ती भिंत बांधताना दगडाखाली सापडून गावातल्या आर्गिरो नावाच्या बाईचा नवरा मेला. प्रेत बाजूला ठेवून गेराकारिसने काम पुढे चालू ठेवलं.

त्या उन्हाळ्यात खाली वेली वाळायला लागल्या. बायका घागरी घेऊन गढीवर गेल्या. गेराकारिस गच्चीत वाइन पीत बसला होता, याच मळ्यांची.

"माझं कारंजं बंद करून तुमच्या काटक्यांना पाणी पाजू?" तो हसला.

आर्गिरो पुढे झाली. "पाणी डोंगराचं. भिंत माझ्या नवऱ्याच्या हातची. यात तुझं काय आहे रे?"

त्याने कुत्री सोडली. बायका पळाल्या. आर्गिरो मात्र घरी जाऊन नवऱ्याची पहार घेऊन परत आली आणि भरदिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तिने भिंतीवर घाव घातले. गढीवरून सुटलेला पहिला बाण पाठीत घुसला तरी ती थांबली नाही. दगड निखळला तसं पाणी फुटलं आणि तिला घेऊन उतारावरून धावलं. असं सांगतात की मळ्यामळ्यांत पोचलं तेव्हा ते लाल होतं. त्याच हंगामात द्राक्षांचा गर लाल उतरला.

गेराकारिसला शिक्षा झाली का, असं सगळे विचारतात. नाही झाली. तो म्हातारा होऊन मऊ गादीवर मेला. पुढे पाद्र्याने गावाला सांगितलं, "मेलेल्या माणसाला क्षमा करा." बायका म्हणाल्या, "तुम्ही करा."

आजही तोडणीच्या सकाळी चर्चमध्ये क्षमेची प्रार्थना सुरू झाली की गावच्या सगळ्या बायका उठून बाहेर जातात. आत्ताचा पाद्री त्यांना अडवत नाही. त्याची आईच सगळ्यांच्या आधी उठते.