दोन कानांचा दरबार

युवराज हंबीर काही केल्या भूमिती शिकेना. शिकेना म्हणजे शिकेनाच! सात पाट्या फुटल्या, तीन पंडित पळाले. चौथे वाचस्पतीशास्त्री तेवढे टिकले, कारण त्यांच्याकडे हमखास उपाय होता: चुकला की पिरगाळ कान.

एक दिवस राजा धवलराज स्वतः दरबाऱ्यांसह अभ्यास बघायला येऊन बसला. शास्त्रीबुवांनी विचारलं, "युवराज, कर्ण म्हणजे काय?"

युवराजाने चटकन दोन्ही कान झाकले.

सगळ्या दरबाराने माना खाली घातल्या. हसलं एकच माणूस, आणि तेही खळखळून. दाराशी डोईवर चुन्याचं घमेलं घेऊन उभी असलेली सगुणा, हिराजी गवंड्याची लेक.

"कोण हसलं?"

"मी, महाराज. पण युवराजांचं चुकलं कुठं? कर्ण म्हणजे कान. शास्त्रीबुवांनी आजवर तोच तर शिकवलाय."

राजाच्या मिशा थरथरल्या. "फार शहाणी आहेस! मग आता तूच शिकव. आठ दिवस देतो. पोथी मिळायची नाही, आणि आठवी पाटी तर मुळीच नाही. जमलं नाही तर बापलेकींनी थापी-ओळंबा उचलायचा आणि राज्याबाहेर चालू लागायचं."

सगुणाच्या आबांचा, हिराजीचा, जन्म या गावाच्या भिंती बांधण्यात गेला होता, आणि आधीच ते राजाच्या मनातून उतरले होते. नव्या दरबाराचं जोतं शास्त्रीबुवांनी पोथीत बघून आखलेलं. 'हे तिरकं आहे' असं आबा दोनदा सांगायला गेले, तर दोन्ही वेळा राजाने ऐकून न घेताच त्यांना हाकलून दिलं. आता उरलंसुरलं आपल्या जिभेने घालवलं, म्हणून ती स्वतःवरच चिडली. पण तोंडातून गेलेला शब्द थोडाच परत येतोय!

"सुतळीचा एक गुंडा आणि चार खुंट्या द्या," ती म्हणाली. "बाकी काही नको."

घरी नेऊन तिने युवराजाला सांगितलं, "आमच्या शेळीला गोठा बांधा." हाताला काम मिळालं म्हणताच स्वारी खूश. खुंट्या ठोकल्या, समोरासमोरच्या भिंती मोजून सारख्या केल्या, काटक्यांचा कूड उभा केला. पण दार काही बसेना. राहिलेल्या फटीतून शेळी पसार झाली आणि राज्याचा वारस तिच्यामागे गावभर धावला.

"भिंती तर सारख्या आहेत," तो धापा टाकत म्हणाला.

"भिंती झाल्या. आता कान बघा." सगुणाने एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणली, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत धरली. "हा एक कर्ण, हा दुसरा. एक सशाचा, एक उंदराचा. असं जनावर कधी पाहिलंत?"

युवराज पोट धरून हसला. मग कूड उतरवून खुंट्या सरकवत बसला, थेट दोन्ही कर्ण जुळेपर्यंत. कूड पुन्हा उभा केला, तर दार अलगद बसलं. त्या दिवशी त्याला जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

आठव्या दिवशी नव्या जोत्यावरच दरबार भरला. शास्त्रीबुवा खाकरले. "कर्ण म्हणजे काय?"

युवराजाने कमरेची सुतळी सोडली आणि तो चालू लागला.

"पळाला बघा," शास्त्रीबुवा म्हणाले.

युवराज जोत्याच्या कोपऱ्याशी थांबला. सुतळीचं टोक सगुणाकडे दिलं, तिरक्या कोपऱ्यापर्यंत ताणून तिथं सुतळीला खुणेची गाठ मारली. मग तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांत धरली. गाठ कोपऱ्याच्या चांगली दोन हात अलीकडेच राहिली.

"महाराज, भिंती सारख्या, पण कर्ण नाहीत. या दरबाराला दार बसायचं नाही." जरा विचार करून तो म्हणाला, "शेळी पळेल."

राजाने खाली वाकून गाठ पाहिली. "हे आम्हाला कुणीच कसं सांगितलं नाही?"

बाजूला उभा असलेला हिराजी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. सगुणाला मात्र राहवेना.

"सांगितलं होतं, महाराज, दोनदा. पण दोन्ही कर्ण सारखे असले तरच दरबार सरळ राहतो ना! आपला एक कर्ण शास्त्रीबुवांपर्यंत बरोब्बर पोचतो. दुसरा गवंड्यापर्यंत येता येता दोन हात आखूड पडतो."

राजाचा हात नकळत कानाकडे गेला. आणि मग तो असा हसला, असा हसला की मुकुट सावरायला दोघे धावले.

"हिराजी, जोतं उकर आणि नव्याने आख. दरबार उभा राहिला की आमच्या त्या आखूड कानाशी येऊन बस. आणि तुमचा तो कोपरे तपासायचा गुण्या असतो ना, तसा चांदीचा घडवून आम्ही पोरीला देऊ. युवराजांची गुरू आहे ती."

"आणि शास्त्रीबुवा?" युवराजाने कान चोळत विचारलं.

"ते तुझ्या सुतळीचं दुसरं टोक धरतील," राजा म्हणाला. "दोन्ही हातांनी."