कुसवड्याच्या शाळेतली न रंगवलेली भिंत

नाक मुरडू नका, बाई. गावात नवी शिक्षिका आली की आधी देऊळ दाखवावं, हे मलाही कळतं. पण कुसवड्याच्या शाळेत रुजू होणारीला आम्ही आधी मुलींच्या मुतारीत आणतो. मी इथंच शिकवून म्हातारी झाले, मलाही असंच आणलं होतं. शाळा दरवर्षी रंगवतात, ही एवढी भिंत सोडून. कोळशानं लिहिलेलं सगळं मुलींचं, आणि प्रत्येक ओळीखाली 'वाचलं' आहे ते बाईंचं.

असं सांगतात, की मुली नुकत्याच शाळेत येऊ लागल्या तेव्हा त्यांना वर्गात तोंड उघडायची चोरी होती. पलीकडच्या बाकावर कुणाचा भाऊ, कुणाचा चुलता. मग बोलायचं ते या भिंतीवर. आज कुठले गुरुजी तापलेत, कुणाच्या डब्यात काय आहे, असलंच. द्वारकी नावाच्या सातवीतल्या पोरीनं मात्र एके दिवशी लिहिलं, 'मला घाटाखाली देणार आहेत. तो म्हातारा आहे. कुणीतरी बाईंना सांगा.' पोरी भ्यायल्या, कुणी सांगितलं नाही. पण बाईंनी ते स्वतःच वाचलं, म्हणे.

चंपूताई त्यांचं नाव. वाईट नव्हत्या हो. पण दुसऱ्या दिवशी साहेबांची तपासणी होती आणि भिंत घाण दिसत होती. तपासणी उरकली की बघू, असं म्हणून त्यांनी चुना फासून घेतला. सकाळी द्वारकी आत गेली, पांढरी भिंत बघून बाहेर आली. तिला उत्तर मिळालं. लग्न लागलं, आणि पावसाळ्याच्या आत तिला विहिरीतून काढल्याचा निरोप आला.

त्यानंतर चुन्यातून कोळसा वर येऊ लागला. बाईंनी चुन्याचे आणखी हात दिले, तशी अक्षरं ठळकच होत गेली. एका सकाळी त्यांनीच मुतारीचं कुलूप काढलं, तर खाली त्याच हस्ताक्षरात नवी ओळ. 'बाई, वाचलंत ना?'

चंपूताईंनी तिथल्या ओल्या फरशीवर बसून शपथ घेतली. या भिंतीला चुना लागणार नाही. शाळा सुटली की ती वाचायची, आणि 'वाचलं' लिहिलं की त्या मुलीच्या घरी जायचं.

मध्ये एका बाईंनी कंटाळा केला होता. रिकाम्या मुतारीतून भिंत खरवडल्याचा आवाज येत राहिला, म्हणतात. त्यांनी बदली करून घेतली. मी मात्र एकही दिवस चुकवला नाही, भीतीनंच.

आजही शाळा सुटल्यावर कोळसा बाईंच्याच हातात असतो. हा घ्या. त्या कोपऱ्यात खाली बघा, सकाळी ही ओळ नव्हती. नाही, ही द्वारकीची नाही. खाली नाव आहे, तुमच्याच वर्गातली आहे.

वाचलीत? मग लिहा. घर मी दाखवते.