दुधीच्या मांडवाखालचा राजा

एकदा एका नाटकमंडळीचे वृद्ध नाटककार सकाळी नवी शोकांतिका लिहीत बसले होते. इतक्यात त्यांचा शिष्य तावातावाने आत आला आणि त्याने दार लावून घेतले.

“गुरुजी, आपला मृदंगवादक फितूर झालाय. आपली पदं तो शेजारच्या मंडळीला पुरवतो. त्याला आजच काढून टाका.”

हा मृदंगवादक म्हणजे शिष्याचा पंधरा वर्षांचा जिवलग मित्र.

“तू पाहिलंस?” गुरुजींनी विचारले.

“पाहायला कशाला हवं? कळतंच की! मी आत गेलो की तो गप्प होतो. काल दोनदा त्यानं दाराकडे पाहिलं. आणि हल्ली माझ्याशी जरा जास्तच गोड बोलतो.”

संशयाचे पोट मोठे विचित्र असते. मित्र गप्प राहिला तरी ते भरते, गोड बोलला तरी भरते.

गुरुजींनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. लेखणी उचलून ते भराभर लिहू लागले. बडतर्फीचा हुकूमच लिहिला जातोय, असे समजून शिष्य समाधानाने बाहेर पडला.

संध्याकाळी तालीम सुरू झाली. नाटकातला राजा केवळ संशयावरून आपल्या निष्ठावान प्रधानाला देहदंड द्यायला निघतो. “राजानं सावध राहायलाच हवं,” शिष्य मान डोलावत म्हणाला. तेव्हा गुरुजींनी सकाळचे कागद त्याच्या हाती दिले. “हे उपकथानक. माळ्याचं काम तू वाच.”

या माळ्याला वाटत असते, की सख्खा भाऊ मांडवावरचे दुधी चोरून विकतो. शिष्य ठसक्यात वाचू लागला, “पाहायला कशाला हवं? कळतंच की! मी मांडवात शिरलो की तो गप्प होतो. काल दोनदा त्यानं कुंपणाकडे पाहिलं…”

सारी मंडळी खो-खो हसली. मृदंगवादक तर पोट धरून हसत होता. शिष्याचा आवाज मात्र खाली खाली गेला. सकाळी हेच बोलताना तो स्वतःला मोठा धोरणी वाटला होता. त्याला लाज वाटली, पण संशय काही गेला नाही.

तालीम संपल्यावर तो म्हणाला, “गुरुजी, एकच गोष्ट दोनदा कशाला सांगायची? राजाची पुरेशी नव्हती का?”

“राजाच्या संशयाला आपण राजनीती म्हणतो. म्हणून तोच संशय मी दुधीच्या मांडवाखाली आणला. तिथे त्याचा पोकळपणा उघडा पडतो आणि लोक हसतात. पुढच्या प्रवेशात राजा तेच बोलतो, तेव्हा समोर प्रधानाचा जीव टांगलेला असतो. मग कुणाला हसू येत नाही. उपकथानक एवढ्याचसाठी असतं.”

“पण आपला मृदंगवादक खरंच फितूर असला तर?”

“असेलही. मी कुठं नाही म्हणतो?”

“मग माळ्याचा शेवट काय?”

“अजून लिहिलेला नाही. राजानं प्रधानाला एका शब्दानं विचारलं नाही, तिथेच त्याचा शेवट ठरला. माळ्याला अजून विचारता येईल.”

शिष्य तडक मित्राकडे गेला. तालमीसाठी मृदंगाच्या तोंडावर लावलेली कणीक मित्र खरवडत बसला होता.

“मी आलो की तू गप्प का होतोस?”

मित्र ओशाळला. “तू रचलेलं दुसऱ्या अंकातलं पद तालात बसत नाही रे. तुला वाईट वाटेल, म्हणून तू नसताना आम्ही ते सावरून घेत होतो.”

“मी सकाळी तुला काढून टाकायला सांगितलं होतं,” शिष्य कसाबसा म्हणाला.

मित्राचा हात थांबला. तो एवढेच म्हणाला, “अरे, मला विचारायचंस की.”