झुबी मोठ्यानं म्हणते

अंग मुठीएवढं, शेपूट झुबकेदार, अशी एक खार. तिचं नाव झुबी.

आईनं झुबीला बोर दिलं. लालबुंद! एकच हं. झुबीनं वास घेतला आणि... टप्! टुक टुक टुक! बोर गेलं कोंबड्यांच्या डालग्याखाली.

"डालग्या, डालग्या, हल ना रे!"

"छे बाई! शेळीनं ढुशी दिली, तरच हलेन."

झुबी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. विसरायला नको म्हणून मोठ्यानं म्हणत चालली,

"बोर माझं मिळेना,
डालगं काही हलेना!"

"शेळीमावशी, ढुशी दे ना!"

"अं हं! आधी शेवग्याचा पाला. मग ढुशी."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"बोर माझं मिळेना,
डालगं काही हलेना,
शेळी ढुशी देईना!"

"शेवगेआजोबा, पाला पाडा ना!"

"मला कुठं हलता येतंय, पोरी? वाऱ्यानं हलवलं, तरच पाडेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"बोर माझं मिळेना,
डालगं काही हलेना,
शेळी ढुशी देईना,
शेवगा पाला पाडेना!"

वाटेत कावळा हसला. "किती गं ती बडबड! मनात म्हण की!"

झुबी लाजली. तोंड मिटलं. गुपचूप चालली.

टेकडी आली. वारा पडला होता पाय पसरून.

"काय गं पिल्ला, काय हवंय?"

झुबी... अं... अं... काहीच आठवेना! डोळे भरले. गेलं आता बोर!

"अरे अरे, रडतेस काय वेडाबाई? मोठ्यानं म्हण. सुचेल तिथून सुरू कर."

"ब... बोर माझं मिळेना..."

आणि काय गंमत! तोंड बोललं, कानांनी ऐकलं, पुढचं आपोआप आलं!

"डालगं काही हलेना,
शेळी ढुशी देईना,
शेवगा पाला पाडेना,
वारेदादा, चला ना!"

"शाब्बास गं सोनुले! हा बघ निघालो."

वारा सुटला. सूं सूं सूं! शेवगा हलला. सळ सळ सळ! पाला पडला. शेळीनं खाल्ला. चर चर चर! शेळीनं ढुशी दिली. धाड्! डालगं कलंडलं.

आणि बोर? ते काय, समोरच! झुबीनं गपकन तोंडात घातलं.

"झुबे, कसं आहे गं बोर?" आईनं विचारलं.

झुबी बोलेना. अजिबात बोलेना.

बोलणार कशी? गाल बघा केवढा फुगलाय!