किटलीचा पंचनामा

मुळशीच्या रस्त्यावर मंजिरी घुलेंची छोटीशी ब्रुअरी आहे. दर शुक्रवारी गिऱ्हाईकं आपापल्या जाड काचेच्या बाटल्या धुऊन आणतात आणि नळावरचे किसनमामा त्या ताज्या बिअरनं भरून देतात.

परवाने तपासणारे साहेबही शुक्रवारीच यायचे, पाच लिटरची स्टीलची किटली घेऊन. रांग मोडून पुढे घुसायचे आणि म्हणायचे, "तपासणीसाठी नमुना हवाय. काठोकाठ भरा." नाही म्हणायची कुणाची टाप? परवाना त्यांच्या सहीवर चालायचा. किसनमामा आतल्या आत चडफडत नळ सोडायचे.

त्या शुक्रवारी मंजिरीताई स्वतः पुढे आल्या. "मामा, भरा साहेबांची किटली."

ताईंनीही हात टेकले, असं मामांना वाटलं. किटली भरली. साहेबांनी हात पुढे केला, तोच ताईंनी झाकण सुतळीनं आवळलं, गाठीवर लाख ओतली आणि रांगेतल्या दोघांच्या पंच म्हणून सह्या घेतल्या.

"हे काय चालवलंय?" साहेब कडाडले.

"सरकारी नमुना आहे, साहेब. सील नसेल तर उद्या कुणी तुमच्यावरच आळ घ्यायचा. आता हा प्रयोगशाळेतच उघडायचा."

मामा ताईंकडे बघतच राहिले. हातातली बाटली भरून वाहतेय, याचंही त्यांना भान नव्हतं.

साहेब किटली उचलून निघाले.

"आणि साहेब," ताईंनी अदबीनं विचारलं, "आधीच्या अकरा किटल्यांचा अहवाल कधी मिळेल?"