पेडलवरचा पाय

एकदा एक निवृत्त मुख्याध्यापक वयाच्या साठाव्या वर्षी एका मिस्त्रींचे शिष्य झाले. हौसेने नव्हे, नाइलाजाने. घाटमाथ्यावरच्या त्यांच्या लहान गावात मोटारी दुरुस्त करणारे एकच गॅरेज होते आणि ते दोन वर्षांपूर्वी बंद झाले होते. दुसरे गॅरेज घाटाखालच्या शहरात. पण ब्रेक नीट न लागणारी गाडी दुरुस्तीसाठी घाट उतरून न्यायची कशी?

मुख्याध्यापकांचे नाव हेमचंद्र बोरगावे. त्यांची एकुलती एक मुलगी विनया सव्वीस वर्षांची होती आणि तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. दर सोमवारी आणि गुरुवारी तिला डायलिसिससाठी शहरात न्यावे लागे. जाताना ती कशीबशी बसून जाई, परतताना मात्र मागच्या सीटवर आडवी पडलेली असे. एसटीने तिला नेणे शक्य नव्हते. गाडीच्या ब्रेकमधून तेल गळू लागल्यावर महिनाभर ओळखीच्या एका जीपने काम भागवले. मग ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला आणि ती जीप तिकडे गेली.

बंद पडलेल्या गॅरेजचे मालक दस्तगीर मिस्त्री त्याच गावात राहत. सत्तरी उलटली होती, हाताला कंप सुटला होता, पाना धरला की तो बोल्टवर वाजत राही. हेमचंद्र त्यांच्या दारात गेले तेव्हा मिस्त्री म्हणाले, “सर, माझे हात गेले. डोळे आणि कान आहेत अजून. तुमचे हात असतील तर शिकवतो.”

चार रविवार शिकवणी चालली. मागच्या चाकातला गळका सिलिंडर बदलून झाला. आता उरली होती ती नळ्यांत शिरलेली हवा काढण्याची क्रिया. मिस्त्रींनी ती शांतपणे समजावून सांगितली. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर आपण दाबलेला पाय चाकापर्यंत पोहोचतच नाही, वाटेत तो बुडबुडाच दाबला जातो. ही हवा घरच्या घरी काढण्याच्या तीन पद्धती. एकात दोन माणसे लागतात: एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाशी असलेला छोटा स्क्रू सैल करून हवा आणि तेल बाहेर जाऊ द्यायचे, स्क्रू पुन्हा आवळायचा, आणि त्यानंतरच पहिल्याने पाय उचलायचा, नाहीतर बाहेरची हवा परत आत ओढली जाते. दुसऱ्या पद्धतीत हातपंपाने चाकाकडून तेल ओढून घ्यायचे. तिसरीत काहीच करायचे नाही. स्क्रू उघडा ठेवून तेलाला स्वतःच्या वजनाने थेंबथेंब उतरू द्यायचे, आणि वरच्या, बॉनेटखालच्या डबीतले तेल संपू न देता भरत राहायचे.

“यातली उत्तम कोणती?” हेमचंद्रांनी विचारले. छत्तीस वर्षे शाळेत त्यांनी मुलांना एका प्रश्नाचे एकच उत्तर शिकवले होते.

“ते तुमच्या अंगणात येऊन बघितल्याशिवाय कसं सांगू?” मिस्त्री म्हणाले. “रविवारी येतो.”

पण शिष्याला तेवढा धीर नव्हता. मोबाइलवर चित्रफिती पाहून हेमचंद्रांनी हातपंप मागवला आणि शनिवारी एकट्यानेच वापरून पाहिला. जुन्या स्क्रूच्या आट्यांतून पंप बाहेरचीच हवा ओढू लागला. पारदर्शक नळीत बुडबुडे येतच राहिले. त्यांतले आतले कोणते आणि बाहेरचे कोणते, हे कळण्याची सोय नव्हती. चिडून त्यांनी पंप बाजूला टाकला. सोमवार दोन दिवसांवर आला होता.

रविवारी सकाळी दहा वाजता मिस्त्री आले तेव्हा हेमचंद्रांनी दोघांची पद्धत सुरू केली होती. ते स्वतः चाकाशी पालथे पडले होते आणि चालकाच्या जागेवर त्यांच्या पत्नी शैलजाबाई बसल्या होत्या. त्यांनी आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून त्या समोर भिंतीकडे पाहत होत्या. मिस्त्री पायरीवर बसले.

“दाब!” गाडीखालून आवाज आला.

“दाबलं.”

“धर! धरून ठेव!... आता सोड. सोड म्हणतोय ना!”

मागची दोन चाके झाली. पुढच्या डाव्या चाकाशी आल्यावर हेमचंद्रांचा पाना घसरला आणि बोटाची साल निघाली. ते ओरडले, “मी सांगितल्याशिवाय पाय हलवायचा नाही! एवढी साधी गोष्ट, किती वेळा सांगायची? पोरीचा जीव आहे याच्यावर, कळतंय का?”

“हो,” शैलजाबाई म्हणाल्या.

“हलवलास का पाय?”

“नाही हो.”

बाराच्या सुमारास चारही चाके झाली. हेमचंद्रांनी स्वतः बसून पेडल चार-पाच वेळा दाबले. ते दगडासारखे घट्ट लागले. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांत प्रथमच थोडे समाधान दिसले.

“मिस्त्री, बघा. झालं काम.”

मिस्त्रींनी पेडलला हात लावला नाही. ते म्हणाले, “ताई, चहा टाकता का जरा?” शैलजाबाई आत गेल्या. चहा झाला, तो निवांतपणे पिऊन झाला. खिडकीशी खाटेवर पडलेल्या विनयाशी मिस्त्री दोन शब्द बोलले. पाऊण तास असा गेल्यावर ते गाडीत बसले आणि त्यांनी पेडल एकदाच दाबले. ते हळूहळू खाली जात जवळजवळ तळाला टेकले.

हेमचंद्रांचा चेहरा उतरला. “मगाशी तर घट्ट होतं!”

“पुन्हा पुन्हा दाबलं की घट्ट लागतं. घाटात पहिल्यांदा दाबाल तेव्हा असं लागेल.” मिस्त्री उतरले. “ताई, तुम्ही विनयाजवळ बसा. आता बाहेर यायची गरज नाही.” मग त्यांनी हेमचंद्रांना एक आज्ञा केली, “पुढच्या डाव्या चाकाचा स्क्रू उघडा. नळी बाटलीत सोडा. वरच्या डबीचं झाकण काढा आणि इथं बसा. आजपासून या घरात हवा काढताना पेडलवर कुणी पाय ठेवायचा नाही.”

हेमचंद्रांना याचा उलगडा होईना. “अहो, थेंबथेंब गळायला संध्याकाळ होईल! दोघांनी पुन्हा केलं तर तासाभराचं काम. तिला मी नीट समजावतो.”

“समजावून झालंय तुमचं. ऐकलं मी.”

हेमचंद्र रागाने लाल झाले, पण बसले. तेल नळीतून अगदी सावकाश उतरू लागले. कधी एखादा बुडबुडा यायचा, नळीत क्षणभर रेंगाळायचा आणि बाटलीत विरून जायचा. असा अर्धा तास गेला. मग मिस्त्रींनी बोलायला सुरुवात केली.

“माझा एक धाकटा भाऊ होता, बादशहा. गॅरेजमध्ये पेडलवर तोच बसायचा. हात माझे, पाय त्याचा. मी रागीट माणूस. चूक झाली की हातात असेल ते फेकायचो. एकदा पाना त्याच्या कपाळाला लागला होता, तरी तो हसला. एका दिवशी एका जीपचं काम होतं. सगळं झाल्यावर मी त्याला विचारलं, पाय सुटला नाही ना? तो म्हणाला, नाही भाईजान. मग म्हणाला, ट्रायलला मीच जातो. मला वाटलं, हौस आहे पोराला.”

डबीतले तेल उतरले होते, ते हेमचंद्रांनी भरले.

“घाटाच्या तिसऱ्या वळणावर जीप दरीत गेली. दोन दिवस दवाखान्यात होता. दुसऱ्या दिवशी शुद्ध आली तेव्हा मला म्हणाला, भाईजान, पाय सुटला होता माझा. उतारावर हळूच तपासून बघणार होतो, तुम्हाला न कळता हवा परत काढणार होतो. रागावू नका. मरताना माझा भाऊ मला हे म्हणाला, सर. रागावू नका.”

हेमचंद्रांनी बाटलीतली नळी उगाच नीट केली. काही वेळाने ते हलक्या आवाजात म्हणाले, “म्हणजे हिचा पाय सुटला असं तुमचं म्हणणं?”

“मला ठाऊक नाही. तुम्हालाही ठाऊक नाही, आणि विचारलंत तरी कळणार नाही. सगळं दुखणं इथंच आहे.” मिस्त्री म्हणाले. “तीनही पद्धती बरोबर आहेत. माणसांना न पेलणारी पद्धत वापरली की गाडी मारते. दोघांच्या पद्धतीत पेडलवरच्या माणसाला ‘थांबा, माझ्याकडून चूक झाली’ असं म्हणता आलं पाहिजे, आणि खालच्याने ते ऐकून नुसतं ‘बरं, पुन्हा करू’ म्हटलं पाहिजे. एवढं ज्या घरात होत नाही, तिथं ही पद्धत वापरायची नसते. भीती असली की माणूस खोटं बोलतो असं नाही. तो हळूच गप्प बसतो. आणि त्या गप्प बसण्याची जागा आपल्याला बाहेरून दिसत नाही.”

एकेका चाकाला सावकाश वेळ देत ऊन कलेपर्यंत दोघे त्या अंगणात बसून राहिले. चारही चाके झाल्यावर त्यांनी पुन्हा अर्धा तास जाऊ दिला, आणि मग पेडल एकदा दाबले. ते वरच्या वरच थांबले. मिस्त्रींनी हेमचंद्रांना गावच्या सपाट रस्त्यावर, मग शाळेमागच्या उतारावर गाडी चालवायला लावली. स्वतः शेजारी बसून कान देऊन ऐकत राहिले. “जा उद्या,” एवढे म्हणून ते पायीच घरी निघून गेले.

हेमचंद्रांनी हात धुतले. शैलजाबाई ओट्याशी विनयासाठी मोजून पाणी काढत होत्या. तिला दिवसाला ठरावीकच पाणी पिता येई. ते दारात उभे राहिले आणि शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाले, “सकाळी पाय सुटला होता का गं?”

“नाही हो. तुम्ही सांगितलं तसंच केलं,” त्या वळून न पाहता म्हणाल्या.

हेमचंद्रांना मिस्त्रींचे बोलणे आठवले. ते माघारी फिरले.

सोमवारी गाडी घाट व्यवस्थित उतरली. प्रत्येक वळणावर ब्रेक जिथल्या तिथे लागले. विनयाला आत नेले, आणि दोघे बाहेरच्या बाकावर बसले. तिथे चार तास बसायचे असते. समोरच्या भिंतीवर मूत्रपिंडाचे एक रंगीत चित्र होते, आणि दीड वर्षात दोघांना त्यातली प्रत्येक रेषा पाठ झाली होती.

तासाभराने शैलजाबाई त्या चित्राकडे पाहतच म्हणाल्या, “तिसऱ्या चाकाला. दोनदा सुटला. पायात गोळा आला होता.”

हेमचंद्रांच्या ओठांवर आलेले वाक्य त्यांनी गिळले. ते नुसते म्हणाले, “बरं.”

पत्नीने त्यांच्याकडे वळून पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर त्या राग शोधत असाव्यात. तो सापडला नाही. मग पदराचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “विनूच्या पायांना सूज मला दिवाळीतच दिसली होती. तीही म्हणाली, आई, बाबांना नको सांगूस, परीक्षा तोंडावर आहे, नाटकं म्हणतील. मी तुम्हाला होळीनंतर बोलले.”

दिवाळी ते होळी. हेमचंद्रांनी मनातल्या मनात महिने मोजले नाहीत. ते आपोआप मोजले गेले. पहिल्या भेटीत डॉक्टर काय म्हणाले होते, तेही त्यांना अक्षरशः आठवत होते: थोडे आधी आणले असते तर. त्या दिवशी घरी परतताना त्यांनी सबंध घाटभर पत्नीला बोल लावला होता, की आई असून तुझे लक्ष कुठे होते.

‘मला सांगितलं असतंस तर मी रागावलो नसतो,’ असे आता म्हणावे असे त्यांना फार वाटले. पण ते खरे नव्हते. ते रागावले असते. नाटकं हाच शब्द त्यांनी वापरला असता.

आत यंत्राची घरघर चालू होती. हेमचंद्र बाकावर थोडे सरकून पत्नीच्या जवळ बसले.

“अजून काही असेल तर सांग,” ते म्हणाले.

शैलजाबाई सांगू लागल्या. बरेच होते. परिचारिकेने विनयाला न्यायला हाक मारेपर्यंत ते खाली मान घालून ऐकत राहिले.