सुटलेली गाठ

पूर्वी शालवती नगरीत अरिंजय राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याच्या पट्टराणीच्या पोटी जन्मला. त्याचे नाव ऋजुक.

त्या घराण्यात प्रत्येक राजाच्या नावाचा एक रेशमी दोर असे. राजाला मूल झाले, की दोर सांभाळणारा त्यावर एक गाठ मारी; अरिंजयाच्या वेळी हे काम वप्पकाकडे होते. पहिली गाठ ज्याची, गादी त्याची. अभिषेकाच्या वेळी युवराजाने दोर हाती घेऊन ‘माझ्याआधी कोणी नाही’ असे म्हणायचे, अशी रीत होती.

राजाचे केस पिकले. ऋजुक तक्षशिलेहून शिकून परतला आणि अभिषेकाचा दिवस ठरला. जे सभेत म्हणायचे ते आधी पाहून घ्यावे, म्हणून तो दोरांच्या दालनात गेला. पूर्वजांच्या सगळ्या दोरांवर पहिली गाठ टोकाच्या गोंड्यापासून बरोबर एक वीत अंतरावर होती. पित्याच्या दोरावर मात्र ती चार बोटे पुढे होती. असे का, याचे त्याला मोठे कुतूहल वाटले. त्याने मोकळ्या जागेवरून बोट फिरवले. तिथे रेशीम मुरडलेले लागले.

“आजोबा, इथे काय होते?” त्याने म्हाताऱ्या वप्पकाला विचारले.

वप्पकाने दालनाचे दार लोटून घेतले. मग म्हणाला, “गाठ होती, कुमार. मीच सोडली. पण सुटलेल्या गाठीच्या जागी दुसरी मारायची नाही, हे हातात इतके भिनलेले, की तुमची आपसूक पुढे बसली. चूकच झाली म्हणा.”

त्यानेच पुढे सांगितले, की राजाने आधी एका नावाड्याच्या मुलीशी लग्न केले होते. पट्टराणीच्या माहेरच्यांना दुखवायला नको, म्हणून त्या पहिल्या बायकोच्या मुलाची गाठ राजाने सोडायला लावली. तो मुलगा, नंदिय, आता नदीवर नाव चालवत होता.

ऋजुकाने हे पित्यापुढे ठेवले. राजा खाली मान घालून म्हणाला, “तू बोलला नाहीस, तर कोणाला कळणार आहे?”

“मला कळले आहे, बाबा. आता ते वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही.”

राजाने नंदियाला बोलावून घेतले. भर सभेत ऋजुकाने दोर त्याच्या हाती दिला. नंदिय भांबावून म्हणाला, “अरे, मला पाण्यातले खडक कळतात. राज्यातले कोण दाखवणार?”

“मी दाखवीन, दादा. तुझी सुटलेली गाठ तेवढी तू पुन्हा मार.”

नंदियाने नावेचा दोर खुंट्याला बांधतात तशी गाठ मारली. वप्पकाने सवयीने ती ओढून पाहिली. ती तसूभरही हलली नाही. तेव्हा राजाने उठून आपले छत्र नंदियावर धरले, आणि ऋजुक जन्मभर त्याचा अमात्य राहिला.

ही कथा सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे शुद्धोदन, वप्पक म्हणजे काश्यप, नंदिय म्हणजे आनंद, आणि दोर मोजणारा ऋजुक मीच होतो.” आपल्याच विरुद्ध जाणारे उत्तरही शोधून काढावे आणि सापडल्यावर लपवू नये, हीच सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पूर्णता.